एका पेन ड्राइव्हवरचं सामाईक खोरं

दुरुस्तीला येणाऱ्या वस्तूंपैकी निम्म्या वस्तू दुरुस्त होण्याच्या लायकीच्या नसतात, आणि हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. त्यामुळे महाडच्या बाजारपेठेत माझी ख्याती फारशी गोड नाही. "नजीरभाईकडे जा, काम होईल, पण आधी बोलणी खावी लागतील," असं लोक एकमेकांना सांगतात. घरी बायकोचंही मत याहून वेगळं नाही. या अंकासाठी कॉम्प्युटर दुरुस्तीतले अनुभव लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, खरं लिहू की बरं लिहू? ते म्हणाले, खरं. तेव्हा पुढची जबाबदारी त्यांची.

मी धंदा कुठे शिकलो, दुकान कधी टाकलं, हे सांगत बसत नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझ्याकडे जुन्या मशीनची कामं जास्त येतात, एवढं कळलं तरी पुरे. नवीन मशीन बिघडलं की लोक कंपनीला फोन करतात. जुनं बिघडलं की कंपनी म्हणते, फेकून द्या. ज्यांना फेकायचं नसतं ते माझ्याकडे येतात.

बिरवाडीच्या बाजूला एका कारखान्यात रंगाचं मिश्रण मोजणारं एक यंत्र आहे. ते ज्या कॉम्प्युटरवर चालतं तो इतका म्हातारा, की त्याचे सुटे भाग मी भंगारवाल्याकडून शोधून आणतो. नवीन कॉम्प्युटर घेऊन पाहिला, तर यंत्राचा प्रोग्रॅम त्याला ओळखच देईना. तिथले मॅनेजर मला दर वेळी विचारतात, "अजून किती चालेल?" मी म्हणतो, "तुमची बदली होईपर्यंत चालेल." आतापर्यंत तीन मॅनेजर बदलून गेले आणि यंत्र चालू आहे.

महाडला पूर येतो. पूर ओसरला की माझ्या दुकानापुढे चिखलाने भरलेल्या डब्यांची रांग लागते. अशा वेळी एकदा एक बाई फक्त कीबोर्ड घेऊन आल्या. बाकी सगळं वाहून गेलं होतं. त्यांचा मुलगा आखातात असतो. गावी असताना तो याच कीबोर्डवर काय काय लिहायचा, ते त्यातून काढून द्या, असं त्यांचं म्हणणं. मी चहा मागवला आणि सांगितलं, की बाई, यात काही राहत नाही, यातून फक्त जातं. त्यांनी पदराने कीबोर्डवरचा चिखल पुसून पाहिला. मग म्हणाल्या, "बरं, मग नुसता धुऊन द्या." मी एकेक बटण काढून धुऊन दिला. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त मला काही करता येण्यासारखं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. ती एका गेमची आहे, आणि गेम म्हटल्यावर ज्यांना हा पोरखेळ वाटेल त्यांनी पुढचं पान उलटावं.

सखाराम नावाचा माणूस एक दिवस गोणपाटात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा घेऊन आला. वय पन्नाशीचं, बिरवाडीच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन, तिथेच भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड. मूळचा पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला. डबा उघडला तर आत मुंग्यांची वारुळं, आणि वीज दिल्यावर हार्ड डिस्क कट-कट वाजायला लागली. हा आवाज आला की मी गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची देतो.

"स्क्रीन कुठाय याची?" मी विचारलं.

"ती भावाकडं."

"आणायची ना मग."

"वाटणीत त्याच्याकडं गेली. डबा माझ्याकडं, स्क्रीन त्याच्याकडं."

मला वाटलं, हा थट्टा करतोय. तो करत नव्हता. बाप गेल्यावर दोघा भावांनी सगळं निम्मंनिम्मं केलं होतं. घराच्या मधोमध भिंत घातली, शेताची वाटणी केली, भांडी मोजून घेतली, आणि कॉम्प्युटरही असा मधोमध कापला. एकाकडे डबा, एकाकडे पडदा, म्हणजे दोघांनाही उपयोग नाही आणि दोघांचीही तक्रार नाही. मी धंद्यात खूप मूर्खपणा पाहिलाय, पण एवढा न्यायाने केलेला मूर्खपणा पाहिला नव्हता. मी तसं बोलूनही दाखवलं. सखारामने वाईट वाटून घेतलं नाही.

"तवा डोस्की तापली हुती," तो म्हणाला. "बोलणं बंद हाय तवापासून."

मग त्याने डब्यातल्या गेमच्या खोऱ्याबद्दल सांगितलं. तरुणपणी तो आणि धाकटा भाऊ दत्ताराम मुंबईत वाडीच्या खोलीत राहायचे. आमच्या भागातल्या वाड्यांच्या अशा खोल्या मुंबईत असायच्या, काही अजून असतील. गावकीने घेतलेली एक खोली, त्यात वाडीची माणसं, प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक आणि झोपायला वळकटीपुरती जागा. सखारामची दिवसपाळी आणि दत्तारामची रात्रपाळी. एक उठायचा तेव्हा दुसरा येऊन त्याच जागेवर आडवा व्हायचा. एका साहेबाने ऑफिसातला जुना कॉम्प्युटर दत्तारामला देऊन टाकला. त्याबरोबर एका गेमची सीडी आली, खोक्यासकट.

गेम असा की एक खोरं असतं, मधून नदी. तुम्ही तिथे माणसं वसवायची, शेतं लावायची, धान्य साठवायचं, पूल बांधायचे. हिवाळा आला की साठवलेल्या धान्यावर निभवायचं. बर्फ पडतो, पवनचक्क्या फिरतात, सगळं परदेशातलं. पण या दोघांनी वस्त्यांना नावं दिली आपल्याकडची, इंग्रजी अक्षरांत. एका वस्तीचं नाव शिवथर होतं. बर्फातलं शिवथर मी तिथेच पाहिलं.

दोघांचं मिळून एकच खोरं. सखाराम कामावरून आला की आपला डाव खेळायचा आणि तसंच जपून ठेवायचा, म्हणजे आमच्या भाषेत सेव्ह करायचा. सकाळी दत्ताराम आला की तिथून पुढे. नियम एकच, दोन डाव लागोपाठ कुणी खेळायचे नाहीत. अशी कित्येक वर्षं गेली. मग इमारत पाडायला काढली, खोली गेली, दोघं गावी आले, आणि वर सांगितली ती वाटणी झाली.

"मग आता काय करायचंय?" मी विचारलं. "तुला खेळायचाय?"

"नाय. शेवटचा डाव माझा झाला. आता त्याचा डाव हाय. तो त्याला द्यायचाय."

"इतकी वर्षं तू उघडलाच नाहीस?"

"कसा उघडणार? डाव त्याचा हाय ना."

बोलणं बंद असलेल्या भावाला त्याचा डाव पोचवायचा, एवढंच काम होतं. डबा उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवावा, तर वाटणी मोडल्यासारखं होईल आणि पुन्हा डोकी तापतील. सखारामला कुणीतरी सांगितलं होतं, की गेम पेन ड्राइव्हवर घालता येतो. तो खिशातून जाईल, कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.

इथे थोडी माहिती द्यावी लागेल. कुठल्याही गेमचे दोन भाग असतात. एक म्हणजे माल, चित्रं, आवाज, नकाशे. दुसरा म्हणजे हा माल दळणारी गिरणी, तिला इंजिन म्हणतात. माल शिळा होत नाही. गिरणी जुनी होते. ही गिरणी संथ मशीनच्या काळात बनलेली, आणि आपलं घड्याळ ती मशीनच्या वेगावरून लावायची. आजच्या मशीनवर तशीच चालवली तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत तीन हिवाळे जातात आणि माणसं उपाशी मरतात. शिवाय तिला दर वेळी सीडी लागते, आणि हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते.

पहिलं काम हार्ड डिस्क. अशी डिस्क म्हणजे शेवटचे श्वास मोजणारं माणूस. तिला घाई केली तर जाते. मी ती थंड ठेवून, थांबत थांबत, थोडं थोडं उतरवून घेतलं. खोऱ्याची फाइल मिळाली तेव्हा मी सखारामला फोन केला. तो ड्यूटीवर होता. "हाय?" म्हणाला, आणि गेटवरच्या ट्रकांच्या आवाजात मला तेच तीनदा सांगायला लावलं.

दुसरं काम इंजिन. परदेशातल्या काही हौशी लोकांनी या गेमचं इंजिन नव्याने लिहून काढलंय. फुकट देतात. नव्या मशीनवर सुरेख चालतं, सीडी मागत नाही, वेग बरोबर. मला वाटलं, संपलं काम. सखारामला बोलावलं. चालवून पाहायचं म्हणून मी खोऱ्याची नक्कल काढली, तर तो खुर्चीतून उठला.

"म्हणजे खोरी दोन झाली?"

"नक्कल आहे रे. मूळ तसंच आहे."

"दोन झाली म्हणजे वाटणीच झाली ती. नको."

पाहून झाल्यावर तुझ्यासमोर पुसून टाकतो, असं कबूल केलं तेव्हा तो बसला. नक्कल उघडली. खोरं आलं, नदी आली, आणि आमच्या डोळ्यांदेखत एकामागून एक सगळे पूल नदीत पडले. पलीकडच्या वस्त्यांना जाणारं धान्य थांबलं. सखारामचा चेहरा मला पाहवेना.

कारण शोधायला मला बरंच वाचावं लागलं. जुन्या इंजिनात एक चूक होती. पूल अर्धवट बांधलेला असताना गेम सेव्ह करून बंद केला आणि पुन्हा उघडला, तर इंजिन तो पूल पुरा झाला असं धरून चालायचं. मधला खांबच नाही, पण गाड्या बिनघोर हवेतून पलीकडे जायच्या. एका बैठकीत खेळणाऱ्याला ही चूक सहसा सापडायची नाही. ती सापडली पाळीत काम करणाऱ्या दोघा भावांना. सखारामला पूल अर्धा टाकून झोपावं लागलं, दत्तारामने सकाळी उघडला तर पूल तयार. त्यांची अशी समजूत झाली, की एकाने सुरू करायचा आणि दुसऱ्याने उघडायचा, म्हणजे पूल होतो. त्यानंतर त्यांनी सगळे पूल तसेच बांधले. नव्या इंजिनवाल्यांनी ती चूक सुधारली होती, त्यामुळे भावांचे पूल कोसळले.

खरं तर एकट्यानेच बंद करून उघडला तरीही पूल झाला असता. हे मी सखारामला सांगितलं नाही. मागितलेली दुरुस्ती करावी, न मागितलेली करू नये, असा माझा नियम आहे.

तेव्हा जुनंच इंजिन ठेवायचं ठरलं, त्याच्या चुकीसकट. नव्या मशीनच्या पोटात जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला सांगायचं, तू संथ आहेस, तुझ्यात सीडी घातलेली आहे, बाहेरचं जग अजून बदललेलं नाही. त्याच्या आत इंजिन सुखाने चालतं. सीडी सखारामकडे होतीच, तिची नक्कल आत घातली. सगळं एका फोल्डरमध्ये, फोल्डर पेन ड्राइव्हवर. कुठल्याही मशीनला लावा, काही बसवायला नको, आणि सेव्ह केलेलं खोरंही पेन ड्राइव्हवरच राहील. वेग किती ठेवायचा हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं. मी आकडा बदलायचो आणि सखाराम पडद्यावरच्या बैलगाडीकडे बघून म्हणायचा, "पळतेय. पळतेय अजून." शेवटी एकदा म्हणाला, "हां. आता चालतेय."

पूल उभे होते. पाहण्यापुरती काढलेली खोऱ्याची नक्कल मी त्याच्यासमोर पुसली, पेन ड्राइव्हवरचं तेवढं खोरं राहिलं.

दत्ताराम पोलादपूरला प्रवासी जीप चालवतो. महाडच्या फेऱ्या असतातच. मी निरोप धाडला. अंगाने आडवा, बोलण्यात तोडून टाकणारा. दुकानात आला तो उभाच राहिला.

"काय काम?"

मी पेन ड्राइव्ह पुढे केला. "तुझा डाव आहे म्हणे."

त्याला कळायला वेळ लागला नाही. पेन ड्राइव्ह त्याने हातात घेतला नाही, नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "माझ्याकडं डबा नाय." माझ्याकडे एक जुना डबा पडून होता, त्याच्या पडद्याला जुळणारा. तो मी त्याच्या जीपच्या मागच्या सीटवर ठेवला. पेन ड्राइव्ह त्याने वरच्या खिशात टाकला.

काही दिवसांनी तो पेन ड्राइव्ह माझ्या काउंटरवर ठेवून गेला. "झाला माझा," म्हणाला. सखाराम येऊन घेऊन गेला, मुलीच्या लॅपटॉपवर खेळला, परत आणून ठेवला. असं सुरू झालं. दोघं माझ्या दुकानात कधी समोरासमोर आले नाहीत. एकमेकांची चौकशीही करत नसत, पण खोऱ्याची करत. सखाराम म्हणायचा, "यंदा त्यानं पेरा जास्त केला." दत्ताराम म्हणायचा, "पूल अर्धा टाकलाय मी. त्याला म्हणावं, उघड." मी म्हणायचो, मी पोस्टमन नाही. पण निरोप द्यायचो.

पावसाळ्यानंतर शेताची मोजणी झाली. बांध कुणाच्या हद्दीत, यावरून वाडीत दोघांचं जोरात वाजलं, अंगावर धावून जाण्यापर्यंत गेलं. दत्ताराम दुसऱ्याच दिवशी दुकानात आला. डाव त्याचा होता, पेन ड्राइव्ह त्याच्याकडे होता.

"भाई, याच्या दोन करा. एक त्याला, एक मला. हे येणंजाणं नको आता."

"होईल," मी म्हणालो. "मिनिटाचं काम आहे."

"मग करा."

ते मिनिटाचं काम आहे हेच मला टोचत होतं. जमीन वाटायला मोजणीदार लागतो, पंच लागतात, भिंत घालायला गवंडी लागतो. हे वाटायला एक बटण पुरे होतं. एकदा दोन झाली की पुन्हा एक करणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. दोन्हीकडे वेगवेगळे हिवाळे येतील, वेगळी माणसं मरतील, आणि दत्तारामने अर्धा टाकलेला पूल उघडायला पलीकडे कुणी नसेल.

मी म्हणालो, "वाटणी एकट्यासमोर होत नाही. त्याला घेऊन ये. दोघांसमोर करतो, उद्या मूळ कुणाचं नि नक्कल कुणाची म्हणून माझ्या दुकानात तमाशा नको."

"मी नाय त्याच्याशी बोलत."

"मी बोलतो. रविवारी ये."

तो पाय आपटत गेला. मला वाटलं, येणार नाही. तिऱ्हाईत माणसाने असल्या भानगडीत पडू नये, असं बायकोही म्हणाली, आणि तिचं चुकत नव्हतं.

रविवारी दोघंही आले. एक खुर्चीत बसला, दुसरा दाराशी उभा. वाटणीला दोघांची मान्यता आहे का, असं मी तोंडदेखलं विचारलं. सखाराम जमिनीकडे बघत म्हणाला, "त्याची इच्छा." मी दत्तारामकडून पेन ड्राइव्ह घेऊन लावला आणि म्हणालो, आधी माल तपासून घ्या, नंतर कुरकूर नको. खोरं उघडलं. हा गेम उघडला की घड्याळ लगेच चालायला लागतं, कुणासाठी थांबत नाही.

दत्तारामने भांडणाच्या भरात आपल्या या डावात कोठाराकडे लक्ष दिलं नव्हतं. बर्फ पडायला लागला. नदीपलीकडच्या वस्तीत धान्य संपत आलं होतं. सखाराम खुर्चीत पुढे सरकला. दाराशी उभा असलेला दत्ताराम दोन पावलं आत आला.

"शिवथरचं हलीव," सखाराम म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"शिवथरात काय नाय. वरच्या वाडीत हाय."

"मग हलीव ना तिथलं. बस इथं."

मी खुर्ची सोडली. दत्ताराम माउस धरून बसला. गाड्या निघाल्या. दोघं मोठमोठ्याने बोलत होते, एकमेकांच्या चुका काढत होते, बांधावर बोलले असतील तसेच शब्द काही वेळा वापरत होते. मधे एकदा दत्ताराम अडला तेव्हा सखारामने माउस आपल्याकडे ओढून घेतला आणि तो खेळायला लागला. दत्तारामने हात मागे घेतला. आता भडका उडतो की काय, म्हणून मी पुढे झालो. तो भावाच्या हाताकडे बघत होता.

"भाई," तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दादाला खेळताना मी कधी बघितलाच नव्हता. हा खेळायचा तवा मी कामावर. मी खेळायचो तवा हा पाळीवर."

सखाराम गाड्या हलवत राहिला. हिवाळा पार पडेपर्यंत दोघं बसले होते. पलीकडची काही माणसं गेली, बरीचशी वाचली.

बांधाचा निकाल लागलेला नाही, आणि भिंतही आहे तिथेच आहे. दोन करण्याचं पुन्हा कुणी काढलं नाही. सेव्ह केल्यावर मी पेन ड्राइव्ह काढला आणि विचारलं, आता डाव कुणाचा, कोण नेतो. दोघंही खेळले होते, त्यामुळे नियमाप्रमाणे दोघांनाही नेता येत नव्हता. सखाराम म्हणाला, त्याचा. दत्ताराम म्हणाला, याचा. दोघंही घेईनात. शेवटी पेन ड्राइव्ह माझ्या ड्रॉवरमध्येच राहिला, आणि खोरं पुढे न्यायचं असेल तर दोघांनी मिळून माझ्याकडे यायचं, एवढाच मार्ग उरला. रविवारी माझं दुकान बंद असतं. आता ते मी या दोघांसाठी उघडतो आणि तोंडाने कुरकूर करतो.